जुन्या ओबीएम (आउटबोर्ड इंजिनाच्या) बोटीला हायड्रॉलिक स्टीयरिंग बसवताना

चाक जड झालं म्हणून लगेच हायड्रॉलिक किटची (केबलऐवजी तेलाच्या दाबाने इंजिन वळवणाऱ्या जोडणीची) चौकशी सुरू करू नका. आधी जडपणा नक्की कुठे आहे तो शोधा. इंजिनाच्या पुढच्या बाजूला स्टीयरिंगचा दांडा टिलर आर्मला (इंजिन वळवणाऱ्या पुढच्या हाताला) ज्या लिंकने जोडलेला असतो, ती लिंक सोडवा आणि इंजिन नुसतं हाताने डावी-उजवीकडे फिरवून बघा. इंजिन सहज फिरलं आणि चाक तरीही जड असेल, तर दोष केबलमध्ये. लिंक सोडूनही इंजिन हलायला तयार नसेल, तर स्विव्हल ब्रॅकेटमधलं (इंजिन डावी-उजवीकडे जिथे फिरतं त्या जोडातलं) ग्रीस सुकून दगड झालंय. तिथे हायड्रॉलिक लावलंत तर ते गुमान त्या सुकलेल्या बुशवर जोर काढून इंजिन फिरवत राहील आणि वर्ष-दोन वर्षं तुम्हाला काही कळणार नाही. कळेल तेव्हा बुश, शाफ्ट, ब्रॅकेट सगळंच गेलेलं असेल.

मी मालवणात आउटबोर्ड इंजिनांची कामं करतो आणि हे प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्यांदा सांगतो. केबल स्टीयरिंगमध्ये इंजिनाची प्रत्येक कुरबुर हाताला लागते. हायड्रॉलिक बसवलं की ती खबर बंद होते. हात दुखत नाहीत हा त्याचा फायदा, आणि दुखणं कळत नाही हा धोका. म्हणून जुन्या बोटीवर हे काम करायचं तर निम्मं काम किटचं खोकं उघडायच्या आधीचं आहे.

कुणाला गरज आहे, कुणाला नाही

तारकर्ली-देवबागकडे हाताने दांडा धरून चालवायची 40 एचपीची इंजिनं भरपूर आहेत, त्यांचा इथे प्रश्नच नाही. चाक आहे पण इंजिन 40-50 एचपीचं आहे, त्यांनाही मी चांगली नवी केबल टाकायला सांगतो. खर्च कमी, काम अर्ध्या दिवसाचं, आणि दर हंगामाला ग्रीस मारलंत तर ती नीट टिकते. खरा फरक पडतो तो 90 एचपीच्या वर. इथून पुढे सांगतोय ते माझ्या मेहुण्याच्या बोटीवरच्या कामावरून: 22 फुटी फायबरची बोट, मागे 115 एचपीचं जुनं टू-स्ट्रोक यामाहा, डॉल्फिन दाखवायला आणि डायव्हिंगवाल्यांना न्यायला-आणायला वापरतात.

एवढ्या ताकदीच्या इंजिनात पंख्याच्या (प्रोपेलरच्या) फिरण्याचा ओढा चाकावर येतो. बहुतेक इंजिनांचा पंखा मागून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. इंजिन थोडं वर ट्रिम केलं की असा पंखा बोटीला उजवीकडे खेचतो. साध्या केबलवर तो ओढा सतत मनगटाने धरून ठेवावा लागतो. खुल्या दर्यात ते चालून जातं. पण देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी, ओहोटीचं पाणी बाहेर येतंय आणि मागून लाट उचलतेय अशा वेळी चाक हातातून निसटलं तर बोट आडवी होते. मे महिन्यात वारा चढायला लागला की तिथे काय होतं ते तिथल्या प्रत्येक तांडेलाला (बोट चालवणाऱ्याला) माहीत आहे. हायड्रॉलिकमध्ये पंपातच चेक व्हॉल्व्ह असतात. पाणी किंवा पंखा इंजिनाला कितीही ढकलो, तेल उलटं जात नाही आणि चाक सोडलं तरी इंजिन होतं तिथेच राहतं. माझ्या मते हे किट घ्यायचं खरं कारण हे आहे. चाक हलकं होतं ही त्याच्यानंतरची गोष्ट.

आतमध्ये चालतं काय

केबल स्टीयरिंगमध्ये चाकामागचं गिअर एक जाड केबल ढकलतं-ओढतं. केबलच्या टोकाला स्टीलचा दांडा असतो, तो इंजिनाच्या टिल्ट ट्यूबमधून (इंजिन वर उचलताना, म्हणजे टिल्ट करताना, ज्या आडव्या नळीवर फिरतं तिच्यातून) आरपार जातो आणि लिंकने टिलर आर्म फिरवतो. हायड्रॉलिकमध्ये गिअरच्या जागी हातपंप येतो, केबलच्या जागी तेलाच्या दोन नळ्या, आणि दांड्याच्या जागी सिलेंडर. चाक उजवीकडे फिरवलं की एका नळीने तेल जातं, दुसरीने परत येतं. वीज नाही, मोटर नाही. सगळी ताकद तुमच्या हाताची, फक्त तेलातून गेलेली.

पुढून बसणाऱ्या सिलेंडरची रचना नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी कामं तिच्यावर आहेत. एक आधाराचा दांडा टिल्ट ट्यूबमधून जातो. त्याच्या दोन टोकांना दोन ब्रॅकेट. त्या ब्रॅकेटांनी सिलेंडरचा चकचकीत रॉड दोन्ही बाजूंनी घट्ट धरलेला असतो. म्हणजे रॉड जागेवर, आणि सिलेंडरचं धड त्याच्यावरून डावी-उजवीकडे सरकतं. धडाला टिलर आर्म जोडलेला. सिलेंडर जो जोर काढतो तो सगळा टिल्ट ट्यूब आणि टिलर आर्म यांच्यामध्ये, म्हणजे इंजिनाच्या अंगावरच. ट्रान्समला (बोटीच्या ज्या मागच्या भिंतीवर इंजिन बसतं तिला) त्यातला काही लागत नाही. त्यामुळे टिल्ट ट्यूब आणि त्या दोन टोकांचे नट हेच या कामाचे प्राण.

किट निवडताना

इंजिनाचा मेक, मॉडेल आणि साल लिहून काढा आणि किट बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यात तेच इंजिन शोधा. सिलेंडर प्रत्येक इंजिनाला बसत नाही. काहींना पुढून बसतो, काहींना बाजूने, आणि स्पेसर किती नि कुठे घालायचे तेही इंजिनाप्रमाणे बदलतं. सीस्टार हे किटचं नाव आधी टेलीफ्लेक्सचं होतं, 2017 पासून डोमेटिककडे आहे. त्यांचंच बेस्टार हे हलकं किट एका इंजिनासाठी 150 एचपीपर्यंत चालतं, त्याच्या वर मोठं सीस्टार. इटलीच्या अल्ट्राफ्लेक्सचीही किट चांगली आहेत. हुबेहूब दिसणाऱ्या नकला स्वस्तात मिळतात. घ्यायचं ठरवलंत तर विकणाऱ्याला एकच विचारा: सिलेंडरचं सील किट सुटं मिळतं का? उत्तर गोलमाल आलं तर तिथून निघा. खाऱ्या पाण्यात सील आज ना उद्या बदलावेच लागतात.

चाकाचे फेरे किती होणार तेही आधी काढून ठेवा. सिलेंडरमध्ये मावणाऱ्या तेलाला पंप एका फेऱ्यात जेवढं तेल ढकलतो त्याने भागायचं. सिलेंडर साडेआठ घन इंचाचा आणि पंप 1.7 घन इंचाचा असेल तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 5 फेरे. केबलवर तीन-साडेतीन फेऱ्यांची सवय असलेल्या माणसाला जेट्टीला लावताना हे फार वाटतात. मोठा पंप घेतला तर फेरे कमी होतात, पण चाक तेवढंच जड होतं. 115 एचपीवर मी मधलाच पंप घेतो.

मुहूर्त आणि जागा

पावसाळ्यात पर्यटनाच्या बोटी बंद असतात, त्यामुळे काम जूनपासून ऑगस्टपर्यंत केव्हाही काढा. पण जागा विचारपूर्वक निवडा. किनाऱ्यावर झापाखाली ओढून ठेवलेल्या बोटीवर जुनी केबल काढायला हरकत नाही, हायड्रॉलिक जोडायला मात्र आहे. आपल्या देवबागची वाळू बारीक असते आणि हाताला, पान्याला, केसांना, सगळीकडे चिकटते. तिचा एक कण पंपाच्या चेक व्हॉल्व्हखाली बसला की चाक एका बाजूला घसरत राहतं आणि कारण सापडता सापडत नाही. मी मेहुण्याची बोट ट्रेलरवर घालून शेडमध्ये आणली, फरशी धुतली, आणि नळ्यांची टोकं जोडायच्या क्षणापर्यंत टेप लावून बंद ठेवली.

प्रवासी बोट असेल तर हा बदल मेरीटाईम बोर्डाच्या सर्व्हेयरला आधीच सांगा आणि किटचं पुस्तक, बिल जपून ठेवा.

जुनं काढणं

ज्यात घाम निघतो ते हे काम. चाकाचा नट काढा आणि चाक पुलरने ओढा. जुनं गिअर जाणारच आहे म्हणून त्यावर हातोडा चालवला तर चालेल असं वाटतं, पण हीच सवय उद्या नव्या हायड्रॉलिक पंपावर पडते. तिथे शाफ्टवर एक टोला पडला तरी आतल्या भागांना मार बसतो. सवय पुलरचीच ठेवा.

मग केबलचा दांडा. खाऱ्या पाण्यात चाललेल्या इंजिनात तो टिल्ट ट्यूबमध्ये जॅम असणार असं धरूनच चला. ट्यूबवरचा मोठा नट सोडा, दोन्ही बाजूंनी गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा रॉड लावून ठोका, पण एकाच बाजूने नव्हे. थोडा बाहेर आला की परत आत ठोका, स्प्रे मारा, पुन्हा बाहेर. दांड्यावर मिठाचा पांढरा आणि गंजाचा तांबडा थर असतो, तो या येरझाऱ्यांनी भुगा होऊन पडतो. स्टीलच्या रॉडने एकाच बाजूने हाणत राहिलात तर दांड्याचं तोंड फुलतं आणि मग तो मुळीच निघत नाही. गॅसची शेगडी किंवा टॉर्च लावायचा मोह होतो. पेट्रोलची टाकी आणि नळी बोटीबाहेर काढून लांब नेल्याशिवाय ज्योत जवळ आणू नका.

दांडा निघाला की ट्यूब आतून साफ करा. गोल तारेचा ब्रश ड्रिलला लावून, रॉकेल टाकत. मग लाकडी काठीला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून. ट्यूबचं भोक जेमतेम 16 मिलिमीटरचं, आणि नवा आधाराचा दांडा त्यात बोटांच्या जोराने सरकला पाहिजे. अडकत असेल तर साफसफाई अजून झालेली नाही. ठोकून बसवू नका. इंजिन टिल्ट केलं की हा दांडा ट्यूबमध्ये फिरतो, आणि फिरायला जागा नसेल तर पुढे टोकांचे नट सैल होतात.

इथेच थांबून ट्यूबकडे नीट बघा. टोकाचे आटे झिजलेत? ट्यूब खड्ड्याखड्ड्यांची झालीय? मग ती बदला. इंजिन चेन पुलीवर टांगावं लागेल, एक दिवस जाईल, पण नंतर पुन्हा सगळं उघडण्यापेक्षा बरं. आणि इंजिन टांगलंच आहे तर ट्रान्समही ठोकून बघा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने खालपासून वरपर्यंत ठोकत जा. टणक आवाज येत असताना मध्येच मऊ, भरल्यासारखा आवाज आला तर आतलं प्लायवूड पाणी प्यायलंय. हायड्रॉलिकशी त्याचा संबंध नाही, पण कुजलेल्या ट्रान्समवर महागडं किट लावून काय करणार?

अजून एक तपासणी. लिंक सुटलेलीच आहे, तर इंजिन खाली धरून खालचा भाग स्केगजवळ (पंख्याखालच्या पात्याजवळ) पकडा आणि आडवा हलवा. इंजिन फिरणं वेगळं आणि खडखड करून डुगडुगणं वेगळं. खडखड आली तर स्विव्हलचे बुश गेलेत. ग्रीस निपलमधून नवं मरीन ग्रीस सोडा, जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत. तरीही डुगडुगत असेल तर बुश आत्ताच बदला.

सिलेंडर बसवणं

आधाराच्या दांड्याला मरीन ग्रीस भरपूर लावा, ट्यूबमध्येही. किटमधले स्पेसर आणि वायसर पुस्तकात तुमच्या इंजिनासाठी जसे दाखवलेत तसेच घाला, त्यात मनाचं काही नको. हेतू दोन: सिलेंडर इंजिनाच्या मध्यावर यावा आणि ब्रॅकेट व ट्यूब यांच्यात आडवी फट राहू नये. नायलॉकचे नट एकदा घट्ट करून सोडले की पुन्हा वापरायचे नाहीत, म्हणून आधी सगळं हातानेच लावून बघा. टिलर आर्मचा बोल्ट किटमधलाच घ्या. बाजारातला तेवढ्याच मापाचा स्टेनलेसचा बोल्ट दिसायला सारखा असतो, ताकदीला नसतो. शेवटचा कस पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्यानेच द्या.

तेल भरण्याआधी, नळ्या सुट्या असताना, सिलेंडर हाताने डाव्या टोकाला सरकवा आणि इंजिन पूर्ण वर टिल्ट करा. मग उजव्या टोकाला सरकवून पुन्हा. धड किंवा फिटिंग कुठे ट्रान्समला, स्प्लॅश वेलच्या (इंजिनापुढच्या, पाणी अडवणाऱ्या खणाच्या) भिंतीला लागतं का ते कागद घालून बघा. मेहुण्याच्या बोटीत उजवीकडे वेलची कडा लागत होती. फायबर थोडं कापून कडेला इपॉक्सी लावलं तेव्हा दोन बोटं जागा मिळाली. समुद्रात हे समजलं असतं तर फिटिंग मोडलं असतं.

पंप आणि नळ्या

डॅशवर किटचा टेम्प्लेट चिकटवा, पण कापण्याआधी मागे हात घालून पंपाला आणि त्याच्या फिटिंगला जागा आहे का ते मोजा. जुन्या गिअरचं भोक मोठं असेल तर ॲल्युमिनियमची पट्टी लावून झाका. जुन्या बोटींचे डॅश पातळ असतात आणि लाटांत चालवणारा माणूस नकळत चाकाला धरून उभा राहतो. म्हणून मागून 5 मिलिमीटरची प्लेट द्या. कापलेल्या प्लायवूडच्या कडेला इपॉक्सी पाजल्याशिवाय पंप बसवू नका.

पाइपच्या आट्यांच्या फिटिंगना टेफ्लॉनची टेप लावू नका. प्लंबर सगळे लावतात, आपल्यालाही सवय असते. पण टेपची एक तार तुटून आत गेली की ती व्हॉल्व्हमध्ये अडकते. पाइपच्या आट्यांसाठी पातळ सीलंट मिळतं, ते पहिला आटा सोडून लावा. ज्या टोकाला ओ-रिंग किंवा कोनाचं बसणं आहे तिथे काहीच लावायचं नाही.

नळ्या नेताना चढ-उतार टाळा. मध्येच कमान झाली तर हवा तिथे अडकून बसते. पेट्रोलच्या नळीला, बॅटरीच्या वायरीला, थ्रॉटलच्या केबलला बांधू नका. फायबरमधून जाते तिथे रबरी ग्रोमेट घाला. इंजिनाजवळ एवढी ढील ठेवा की पूर्ण वळण आणि पूर्ण टिल्ट एकाच वेळी झालं तरी नळी ताणली जाऊ नये. दोन्ही नळ्यांच्या दोन्ही टोकांना रंगीत टेप लावून खूण करा, नाहीतर डॅशखाली आडवं पडून कोणती कुठली ते शोधत बसाल.

दिशेचा गोंधळ इथे हमखास होतो. चाक उजवीकडे फिरवलं की सिलेंडरचं धड डावीकडे जातं, आणि बघणारा ओरडतो की उलटं लागलंय. उलटं नाही. टिलर आर्म इंजिनाच्या धुरीच्या पुढे आहे, म्हणून तो डावीकडे गेला की पंखा उजवीकडे जातो आणि बोट उजवीकडे वळते. धडाकडे बघू नका, पंख्याकडे बघा.

तेल भरणं आणि हवा काढणं

तेल कंपनीचंच घ्या. ते मिळालं नाही तर एमआयएल-एच-5606 मानकाचं पातळ हायड्रॉलिक तेल. ट्रॅक्टरच्या गॅरेजात मिळणारं 68 नंबरचं तेल फार जाड, चाक पुन्हा जड होईल. ब्रेक ऑइल तर चुकूनही नको. ते ग्लायकॉलचं असतं, त्याने आतले रबरी सील फुगून खराब होतात. एका पंपाला नि एका सिलेंडरला दोन लिटर हाताशी असू द्या.

माणसं तीन हवीत: चाकावर एक, इंजिनापाशी एक, बाटलीवर लक्ष ठेवणारा एक. पंपाच्या भरण्याच्या भोकात किटमधली नळी आवळा, तिच्यावर तेलाची बाटली उलटी लावा आणि बाटलीच्या वर आलेल्या बुडाला छोटं भोक पाडा. तेल आत उतरेल, बुडबुडे वर येतील. ते थांबेपर्यंत चाकाला हात लावू नका. पुढे पूर्ण काम होईस्तोवर बाटली तळाला जाऊ द्यायची नाही. एकदा पंपाने हवा ओढली की सगळं पहिल्यापासून.

आता चाक उजवीकडे, शेवटपर्यंत. धड डाव्या टोकाला जाईल आणि उजवीकडचा रॉड उघडा दिसेल. उजव्या ब्लीडरवर (हवा काढायच्या स्क्रूवर) पारदर्शक नळी चढवा, तिचं दुसरं टोक स्वच्छ बाटलीत. ब्लीडर सोडा, धड हाताने घट्ट धरून ठेवा आणि चाकावरच्या माणसाला चाक डावीकडे फिरवायला सांगा. पहिल्यांदा फेस येतो, मग तेलात मोठे बुडबुडे, मग बारीक. माझा भाचा नळीला डोळा लावून बसलेला आणि दर थोड्या वेळाने सांगत होता, "अजून बुडबुडे येतत." ते तसेच सांगत राहू द्या, घाई करू नका. सलग तेल, एकही बुडबुडा नाही, असं झालं की चाक फिरत असतानाच ब्लीडर बंद करा आणि मग धड सोडा. चाक तसंच डावीकडे शेवटपर्यंत न्या. आता धड उजव्या टोकाला. डावा ब्लीडर सोडा, धड धरा, चाक उजवीकडे, पुन्हा सलग तेल येईपर्यंत. हे दोन्ही बाजूंना निदान दोनदा करा. नळीतून निघालेलं तेल पुन्हा भरू नका.

झालं की तपासा. चाक टोकाला नेऊन आणखी दाबा. तिथे ते ठाम थांबलं पाहिजे. रबर ताणल्यासारखं थोडं पुढे जाऊन मागे आलं तर हवा आहे. दुसरी परीक्षा पंपाच्या भोकातून: चाक टोकाला दाबून धरा नि सोडा, आणि तेलाची पातळी बघा. दाबल्यावर ती खाली गेली आणि सोडल्यावर वर आली, तर आत अजून हवा दबते आहे. तेल भोकाच्या आट्यांच्या थोडं खालीच ठेवा. गळ्यापर्यंत भरलेलं तेल उन्हात फुगून बाहेर येतं आणि लोक गळती समजून पंप उघडायला घेतात.

टोकाला दाबून धरलेल्या अवस्थेत दुसऱ्या माणसाने प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर लावून बघायचं. फडक्यावर न दिसणारा थेंब टिश्यूवर दिसतो. मग बोट रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी परत टिश्यू.

पाण्यात

पहिली फेरी खाडीत, भरतीला, माणसं न घेता. सावकाश चालवत दोन्ही टोकांपर्यंत वळवा, मग वेग वाढवत न्या. परत आल्यावर सगळे नट पुन्हा बघा, तेलाची पातळी बघा.

आता पंख्याच्या मागे, वरच्या पट्टीखाली जो झिंकचा छोटा पंख असतो तो. केबल होती तेव्हा बोट उजवीकडे ओढते हे हाताला कळायचं आणि कुणीतरी तो पंख फिरवून जुळवायचं. हायड्रॉलिकमध्ये ओढा कळतच नाही, म्हणून पंख कसाही राहतो आणि सिलेंडरचे सील तो भार सतत सोसत राहतात. नेहमीच्या वेगाने चालवा. चाक उजवीकडे हलकं आणि डावीकडे जड लागत असेल तर पंखाचं मागचं टोक थोडं उजवीकडे फिरवा. डावीकडे हलकं लागत असेल तर डावीकडे. थोडा थोडा फिरवून दोन्ही बाजू सारख्या करा. त्या पंखाला रंग मात्र देऊ नका, गंजापासून इंजिन वाचवायचं काम तोच करतो.

चालवणाऱ्याला एक गोष्ट आवर्जून सांगा. पुष्कळ तांडेल चाकाच्या वरच्या आरीला दोरा गुंडाळतात. दोरा वर म्हणजे इंजिन सरळ. हायड्रॉलिकमध्ये तेल थोडं थोडं सरकतं आणि चाकाची जागा हळूहळू बदलते. आज दोरा वर, उद्या बाजूला. हा बिघाड नव्हे. पण जेट्टीवरून निघताना दोऱ्याच्या भरवशावर गिअर टाकला तर बोट शेजारच्या बोटीवर जाईल. मागे वळून इंजिन बघायचं आणि मगच गिअर टाकायचा. मेहुण्याच्या बोटीवरचा दोरा मीच कापून टाकला.

रोज संध्याकाळी सिलेंडरच्या उघड्या रॉडवर गोडं पाणी मारा आणि मऊ फडक्याने पुसा. त्यावर मीठ सुकलं किंवा बारीक शिंपला धरला तर धड सरकताना सील कापलं जातं. घासणी, थिनर, ॲसिटोन यातलं काही रॉडला लावू नका. टिल्ट ट्यूबच्या निपलला महिन्यातून एकदा ग्रीस. तेल दुधासारखं पांढरट दिसलं तर पाणी शिरलंय, सगळं तेल बदला आणि सील तपासा. आणि वर्षातून एकदा ती लिंक पुन्हा सोडवून इंजिन नुसत्या हाताने फिरवून बघा, कारण आता चाक तुम्हाला ते सांगणार नाही.

बोटीत तेलाची एक सीलबंद बाटली, भरायची नळी आणि टिलर बोल्टला लागणारा पाना कायम ठेवा. दर्यात तेल कमी झालं आणि बाटली नसेल तर गाडीचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइल टाकून घरी या, पण आल्यावर ते काढून सगळं धुऊन नवं भरा. नळीच फुटली तर चाक नुसतं गरगर फिरेल. मग इंजिन बंद करा, टिलरचा बोल्ट काढा आणि हळू वेगात एका माणसाने मागे बसून इंजिन हाताने वळवत बोट आणायची. हे एकदा खाडीत करून बघा. 115 एचपीचं इंजिन मंद वेगात हाताने वळतं, पण अंगावर घेऊन बसावं लागतं आणि नवख्याला ते सोपं वाटत नाही.